पूर्ण नाव

टीव्हीवरची बाई म्हणाली की केनियात रस्त्यांवर झाडांचे ओंडके आडवे टाकलेत. तरुणांची टोळकी गाड्या थांबवतात, माणसांना खाली उतरवतात आणि पूर्ण नाव विचारतात. नावावरून जमात कळते. मग कुणाला जाऊ द्यायचं ते ठरतं.

शैलजाबाई पांढरीपांडे पोहे खात होत्या. घास तोंडातच राहिला. अमेरिकन इंग्रजी त्यांना एरवी निम्मंच कळायचं, पण हे सगळं कळलं. तरी त्यांनी सुनेला विचारलं, कारण कधी कधी आपलं ऐकण्यात चुकलेलं असावं असं माणसाला फार वाटतं.

"राधिका, काय विचारतात म्हणाली ती?"

"फुल नेम विचारतात, आई. इलेक्शनच्या रिझल्टवरून राडा झालाय ना तिथे." राधिकानं लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "सरनेमवरून ट्राइब ओळखतात म्हणे. हॉरिबल आहे सगळं."

दोन हजार आठ साल सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. बाहेर अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या त्या एकसारख्या घरांच्या गल्लीत कुणीतरी शिडीवर चढून ख्रिसमसचे दिवे उतरवत होतं. आणि तिकडे केनियाच्या थंड डोंगराळ भागात बावीस अनाथ मुलं छातीवर आपापलं पूर्ण नाव घेऊन फिरत होती. ती नावं शैलजाबाईंनी स्वतःच्या हातानं भरली होती.

हे कसं झालं ते सांगायचं तर शैलजाबाईंची खोड आधी सांगायला हवी. नागपूरच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं हजेरी घेतली आणि एकाही मुलाला अर्ध्या नावानं हाक मारली नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अर्धा तास नुसती हजेरीच चालते, असं शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणायच्या, म्हणोत बापड्या. नवीन मूल वर्गात आलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "पूर्ण नाव सांग." मोठी माणसं भेटली तरी तेच. समोरच्यानं नुसतं पहिलं नाव सांगितलं की त्यांना चैन पडत नसे. आडनाव कळलं की माणूस मनातल्या कुठल्या फळीवर ठेवायचा ते ठरतं आणि विचारणारा निवांत होतो. वर "आम्ही तसलं काही मानत नाही हो, सहज विचारलं" हेही असतंच. शैलजाबाईही तसलं काही मानत नसत. सहजच विचारत.

यजमान गेल्यावर त्या मुलाकडे, शार्दूलकडे, अमेरिकेत आल्या. शार्दूल सोमवार ते गुरुवार कामासाठी दुसऱ्या गावी असायचा, राधिका घरूनच काम करायची, आणि दहा वर्षांची नात रुचा शाळेत 'रुचा पी.' झाली होती, कारण तिच्या मास्तरणीला पांढरीपांडे म्हणता येईना. त्याचा शैलजाबाईंना मनस्वी राग होता. हजेरी घ्यायला वर्ग उरला नव्हता, हात मोकळे होते, आणि मोकळे हात कुठेतरी उद्योग शोधतातच.

तो उद्योग मराठी मंडळाच्या शोभनानं आणून दिला. तिला ऑफिसातल्या कुणीतरी रूथ चेबेट नावाच्या बाईंबद्दल सांगितलं होतं. रूथ निवृत्त शिक्षिका. केनियातल्या आपल्या राहत्या घरात आईबाप गेलेली, रस्त्यावर सापडलेली मुलं सांभाळायची आणि गावच्या शाळेत घालायची. मंडळानं त्या मुलांच्या शाळेचा भार उचलला. मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शैलजाबाईंनी सगळ्या बायकांना सांगितलं की यंदा प्लास्टिकचे डबे आणि कुंकवाच्या डब्या नकोत. वाण म्हणून प्रत्येकीला निळ्या लोकरीचे गुंडे देणार, आणि प्रत्येकीनं एका मुलाचा स्वेटर विणून द्यायचा. तो भाग उंचावर आहे, तिथे बारा महिने गारठा असतो. बायकांना कल्पना आवडली. वाण लुटलं गेलं.

मग मुलांची नावं मागवली. रूथची ईमेल आली: ग्रेस, पीटर, मर्सी, डॅनियल, अशी बावीस नावं, एकापुढेही दुसरं अक्षर नाही.

"ही काय गुरांची यादी आहे?" शैलजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी राधिकाकडून पूर्ण नावं मागणारी ईमेल टाइप करून घेतली. रूथनं उत्तर दिलं, "टीचर, आमच्या घरात आम्ही पहिल्याच नावानं हाक मारतो. तेवढं पुरतं." शैलजाबाईंना हा गलथानपणा वाटला. त्यांनी परत लिहिलं. परत तेच उत्तर आलं, जरा जास्त नम्र. तिसऱ्या ईमेलमध्ये त्यांनी लिहिलं की मूल कोणाचं आहे हे आमच्या सभासदांना कळायला हवं. ज्याला बापाचं नावही नाही ते मूल दुप्पट अनाथ.

चौथ्या दिवशी पूर्ण यादी आली. रूथचा हात दगडाखाली होता. देणाऱ्याला तिसऱ्यांदा नाही म्हणायला मोठी छाती लागते, आणि घरात बावीस तोंडं असलेल्या बाईला ती परवडत नाही. हे तेव्हा शैलजाबाईंच्या डोक्यातही आलं नाही. "बघितलंस? चिकाटी धरली की मिळतं," असं त्या सुनेला म्हणाल्या.

स्वेटर बायकांनी विणले, पण नावं घालायचं काम बाईंनी कुणाला दिलं नाही. निळ्यावर पिवळा धागा, इंग्रजी अक्षरं, साखळी टाका, छातीवर डावीकडे. त्यांच्या भरतकामाची उलट बाजू सुलट बाजूइतकीच साफ असायची, आणि पाहुण्यांना त्या कापड उलटून ते दाखवत. प्रत्येक नावाच्या शेवटी धुण्यात उसवू नये म्हणून दुहेरी गाठ. माझा टाका माझ्याआधी उसवणार नाही, ही त्यांची जुनी फुशारकी होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला फोटो आला. बावीस मुलं, बावीस निळे स्वेटर. पुढच्या रांगेत सात वर्षांची मर्सी, पुढचे दोन दात पडलेली, आपल्या नावाखाली बोट धरून उभी होती. मर्सी वांबुई कामाऊ. शैलजाबाईंनी तो फोटो फ्रिजवर लावला, आणि त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला होता हे खोटं कशाला बोला.

आता त्या त्याच फोटोसमोर उभ्या होत्या.

"राधिका, कामाऊ म्हणजे कोण ते बघ."

राधिकानं शोधलं. टाइप करताना तिचा चेहरा बदलत गेला. "किकुयू ट्राइब," ती म्हणाली. "आई, देशात दुसरीकडे उलटं चाललंय, तिथे बाकीच्यांना मारतायत. पण रूथच्या भागात सध्या यांच्यावरच हल्ले होतायत. घरं जाळलीत." मग तिनं यादी उघडली आणि दोघींनी नावं तपासली. अशी नऊ मुलं निघाली.

शैलजाबाईंची पाचावर धारण बसली. टोळक्यातला कुणीतरी हातात कोयता घेऊन मुलांच्या रांगेवरून बोट फिरवतोय, आणि त्याला तोंडानं विचारायचीही गरज पडत नाही, असं त्यांना दिसायला लागलं. विचारायचं काम त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. त्या पोरांनी घाबरून खोटं नाव सांगायचं म्हटलं तरी सोय ठेवली नव्हती. हजेरीच छातीवर टाचून पाठवली होती.

इंडियन ग्रोसरीतून आणलेलं कॉलिंग कार्ड घेऊन त्या फोनपाशी बसल्या. अल्फारेटात सकाळचे नऊ, म्हणजे तिथे संध्याकाळचे पाच. आकडे दाबायचे, एक बाई गोड आवाजात काहीतरी सांगायची, मग नुसती खरखर. अकराव्या खेपेला रूथचा आवाज आला.

"टीचर?" ती हळू बोलत होती. "जास्त बोलता येणार नाही. इथे दुकानं बंद आहेत, फोनचं कार्ड मिळत नाही. गावाच्या खालच्या अंगाला धूर दिसतोय. उद्या सकाळी एक ट्रक मिळतोय. मुलांना घेऊन पोलीस ठाण्याच्या मैदानावर जाणार."

"रस्त्यात अडवतात ना?"

"तीन ठिकाणी."

"रूथ, ते स्वेटर," शैलजाबाईंचं इंग्रजी ऐन वेळी तुटायला लागलं. "स्वेटर घालू नका. नाव, नाव काढून टाका. ऐकलंत का? नाव—"

खरखर आली आणि फोन मेला. त्यांनी पुन्हा लावला. दुपारचे दोन वाजेपर्यंत लावत राहिल्या. राधिकानं हातातून रिसीव्हर काढून घेतला तेव्हा त्यांचं बोट आकडे दाबायच्या बेतात तसंच वाकलेलं राहिलं होतं.

मग दिवस गेले, आणि ते कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. पहिल्या रात्री त्या घड्याळ बघत हिशेब करत राहिल्या की आता तिथे सकाळ, आता ट्रक निघाला असेल, आता पहिला ओंडका. ट्रकमध्ये बावीस मुलं आणि गार वारा. मुलांना थंडी वाजली की ती मिळेल ते अंगात घालतात. रूथनं ऐकलं असलं तरी ऐन थंडीत ती स्वेटर कसे काढून घेईल? आणि ऐकलंच नसेल तर? जीव नुसता टांगणीला लागला. अन्न पुढ्यात येई आणि तसंच परत जाई.

शुक्रवारी त्यांनी शोभनाला फोन केला. मंडळाच्या वेबसाइटवर तोच फोटो होता, खाली सगळ्यांची नावं.

"तो काढ आधी," त्या म्हणाल्या.

"अहो मावशी, तिथल्या जंगलात कोण आपली वेबसाइट बघणारे? आणि तोच फोटो टाकून संक्रांतीच्या प्रोग्रॅमचं पोस्टर पण प्रिंटला गेलंय. लास्ट मिनिटला कॅन्सल कसं करणार?"

"शोभना, मी तुला सांगत नाहीये, मी तुझ्या पाया पडतेय."

शोभना चांगलीच मुलगी होती. "काढते, मावशी," ती म्हणाली. "आत्ताच काढते."

शनिवारी त्यांच्या मनात आलं, रूथनं स्वेटर उलटे करून घातले असतील. शहाणी बाई आहे, सुचेल तिला. आतली बाजू बाहेर केली की नाव दिसणार नाही. या विचारानं त्यांना तीन दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. रुचासाठी त्यांनी तसलाच एक स्वेटर विणला होता, तोही नावासकट. रुचानं तो लाजेपोटी कधी घातला नव्हता. त्यांनी तो कपाटातून काढला, उलटा केला आणि नातीला हाक मारली.

"हा घाल आणि आरशासमोर उभी राहा."

"आजी, इट्स इनसाइड आउट."

"माहीत आहे. घाल."

रुचानं घातला. शैलजाबाई तिच्या मागे उभ्या राहिल्या. निळ्या लोकरीवर पिवळे टाके एकामागोमाग एक शिस्तीत चालले होते. एक सुटा धागा नाही, एक गुंता नाही. एखाद्या आळशी बाईनं भरलं असतं तर मागे नुसता पिवळा गिचका झाला असता आणि काही कळलं नसतं. इथे अक्षर न् अक्षर उमटलं होतं, फक्त उलट्या दिशेनं. आणि आरशात तर ते सरळच झालं होतं.

"आय कॅन रीड इट," रुचा म्हणाली. "रुचा शार्दूल पांढरीपांडे. होल थिंग. आजी, आर यू ओके? आजी?"

त्या पलंगावर बसल्या. नातीला जवळ ओढून त्यांनी तो स्वेटर तिच्या डोक्यावरून घाईघाईनं काढला, इतक्या घाईनं की पोरीच्या कानातलं अडकलं आणि ती कळवळली. शैलजाबाईंना त्या क्षणी रुचाचं पूर्ण नाव रुचाच्या अंगावर बघवेना.

पुढचे तीन दिवस राधिका बातम्या लावत नव्हती, आणि त्या लाव म्हणत नव्हत्या. त्यांना जुन्या गोष्टी आठवायच्या. वर्गात नवीन आलेलं एखादं पोर पूर्ण नाव सांगताना आडनावाशी येऊन अडखळायचं, आवाज खाली जायचा. "मोठ्यानं सांग," त्या म्हणायच्या. "लाजायचं काय त्यात?" मग ते मोठ्यानं सांगायचं आणि मागच्या बाकावर कुणीतरी कुणाकडे तरी बघायचं. हे त्यांनी पाहिलं होतं. एकतीस वर्षं पाहिलं होतं आणि पाहून पुढचं नाव घेतलं होतं.

बुधवारी सकाळी फोन वाजला. राधिका मीटिंगमध्ये होती. शैलजाबाईंनी उचलला.

"टीचर, रूथ बोलतेय. इथे एका स्वयंसेवकाचा फोन मिळालाय."

त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"सगळी आहेत," रूथ म्हणाली. "बावीसच्या बावीस. मैदानावर तंबूत आहोत."

शैलजाबाई जिथे होत्या तिथेच, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसल्या. डोळ्यांना धार लागली. त्या म्हणाल्या, "स्वेटर?"

"त्या दिवशी तुमचं ऐकलं मी. पण नावं मी आधीच काढली होती, टीचर. फोटो काढला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ब्लेडनं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही. आमच्या घरात तीन जमातींची मुलं आहेत. त्यांना एकमेकांची आडनावं माहीत नव्हती, ती मी मुद्दाम कळू दिली नव्हती." तिचा आवाज दमलेला होता, त्यात राग नव्हता. "सगळ्यांची काढली. एक सोडून."

शैलजाबाईंना कोणाचं ते विचारावं लागलं नाही.

"मर्सीनं काढू दिलं नाही. तिनं तिच्या वडिलांचं नाव कधी लिहिलेलं पाहिलंच नव्हतं. निजताना त्यावर बोट फिरवत असायची. मी म्हटलं, राहू दे. माझी चूक झाली."

"चूक माझी आहे," शैलजाबाई म्हणाल्या.

रूथनं ते खोडून काढलं नाही. ती पुढे सांगायला लागली. ट्रक पहिल्या दोन ठिकाणांहून सुटला, कारण रूथ स्वतः तिथल्याच जमातीची आणि मुलं सगळी पहिलं नाव सांगत होती. मर्सीला तिनं स्वेटर उलटा घालून वर शाल पांघरून बसवलं होतं. तिसऱ्या ठिकाणी एका पोरानं शाल ओढली. त्याला पिवळे टाके दिसले. त्यानं गळ्याशी धरून स्वेटर उलटवला आणि नाव मोठ्यानं वाचलं.

"मी म्हटलं, ही माझी नात आहे. स्वेटर जुन्या बाजारातून आणलाय, कुणाच्या तरी अंगावरून उतरलेला. त्याला पटेना. त्यानं तिलाच विचारलं, हे तुझं नाव आहे का? नीट सांग, पूर्ण नाव काय तुझं?"

शैलजाबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना तो आवाज ओळखीचा वाटला.

"ती माझ्याकडे बघत राहिली," रूथ म्हणाली. "मग म्हणाली, मर्सी चेबेट. आणि त्या स्वेटरवरच्या नावावर हात ठेवून म्हणाली, या मुलीला मी ओळखत नाही. मी तिला हे शिकवलं नव्हतं, टीचर. तिचं तिलाच सुचलं. त्यानं जाऊ दिलं आम्हाला."

फोनमध्ये मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी हसत होतं. शैलजाबाईंनी त्यातून एक आवाज वेगळा काढायचा प्रयत्न केला, पण तो त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता.

"कशी आहे ती?"

"जेवते. खेळते थोडं. इथे पोहोचल्यावर तिनं माझ्याकडे सेफ्टी पिन मागितली आणि एका कोपऱ्यात बसून ते नाव उसवायला लागली. आण, मी करते म्हटलं, तर देईना."

"निघालं?" शैलजाबाईंनी विचारलं.

"निघालं," रूथ म्हणाली. "पण तुम्ही गाठ फार पक्की मारली होती, टीचर. दोन दिवस लागले तिला."